पहिलं कौटुंबिक कॅम्पिंग: आधी झोपेचं बघा

पहिल्या खेपेला एकच रात्र ठेवा. जागा अशी निवडा की गाडी तंबूपाशी येईल आणि संडास दोन मिनिटांवर असेल. निम्मी कुरकुर तिथेच संपते.

उरलेली निम्मी झोपेची. गारठा वरून कमी, खालून जास्त लागतो. नुसती हवेची गादी घातली तर तिच्यातली हवा जमिनीसारखीच गार पडते आणि पहाटे सगळे कुडकुडत जागे. गादीवर फोमची चटई किंवा जाड रजई अंथरा. उशा घरच्याच न्या, खुशाल न्या!

तंबूवरचं '४ माणसांचा' म्हणजे खांद्याला खांदा लावून, तेही सामान बाहेर ठेवून. चौघांना ६ चा घ्या.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- तंबू थेट तिथेच पहिल्यांदा उघडतात. घरी एकदा उभारा, खुंट्या मोजून ठेवा.
- अंधार पडताना पोचतात. सूर्यास्ताआधी २ तास हाताशी हवेत.
- खोलगट जागा मऊ म्हणून निवडतात. पाऊस आला की पाणी तिथेच साचतं.
- थंडीमुळे सगळ्या झडपा लावून घेतात. श्वासाची वाफ कापडावर जमते आणि सकाळी अंथरुणावर टपकते. वरची झडप उघडीच ठेवा.

तंबूत शेगडी मात्र अजिबात नको, विषारी वायू कोंडतो. पहिल्या रात्रीचं जेवण घरूनच करून न्या.