विचारा, सांगतो: डोनट वातड का निघतो?

प्रश्न : आमच्या गावात बसस्टँडजवळ डोनटचं नवं दुकान निघालं. मुलांनी हट्ट धरला म्हणून संध्याकाळी सहाला गेलो. काचेच्या कपाटात दहा-बारा प्रकार मांडलेले, रंग एकदम झकास. चार घेतले, २४० रुपये झाले. एकही धड खाववला नाही. आतून वातड, साखरेच्या डोनटला पाणी सुटलेलं आणि चॉकलेट टाळूला चिकटून बसलेलं. विचारलं तर दुकानदार म्हणाला, "सकाळचाच माल आहे." तो खोटं बोलत होता का? बेळगावात खाल्लेले डोनट असे नव्हते.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : खोटं बोलत असेल असं वाटत नाही. माल सकाळचाच असणार, आणि दुखणं तिथेच आहे. यीस्टचं पीठ तळून केलेला डोनट तळल्यापासून चार ते सहा तास उत्तम लागतो. सकाळी आठला तळलेला माल तुमच्या हातात पडेपर्यंत दहा तासांचा झाला होता. शिवाय आतला वातडपणा आणि साखरेला सुटलेलं पाणी या दोन खुणा एकत्र दिसल्या, की बहुतेक वेळा एकच कारण निघतं : डोनट केकच्या थंड कपाटात ठेवलेले असतात.

तळताना मैद्यातला स्टार्च पाणी शोषून मऊ होतो आणि गार झाला की हळूहळू पुन्हा घट्ट होऊ लागतो. पाव शिळा होतो तो मुख्यतः यामुळेच. ० ते ५ अंश सेल्सियसच्या आसपास हे घट्ट होणं सगळ्यांत झपाट्यानं होतं आणि केकचं कपाट साधारण ४ ते ८ अंशांवर चालतं. क्रीमच्या केकला ती थंडी लागतेच, नाहीतर क्रीम उतरतं. साध्या डोनटचं मात्र तिथे चार तासांत दोन दिवसांच्या पावासारखं होतं. पुढे तो गार डोनट बाहेर काढला, की हवेतलं बाष्प त्याच्यावर बसतं आणि साखर विरघळते. जुलै-ऑगस्टात तर डबा घरी पोचेपर्यंत साखरेचा पाक झालेला असतो.

टाळूला चिकटलं ते बहुतेक कंपाउंड चॉकलेट. खऱ्या चॉकलेटमधलं कोकोआ बटर ३२ ते ३४ अंशांना, म्हणजे तोंडाच्या उबेला, वितळतं. कंपाउंडमध्ये त्याच्या जागी दुसरी वनस्पती चरबी असते. हलक्या प्रतीच्या कंपाउंडमधली चरबी त्याहून जास्त उष्णतेला वितळते, म्हणून मेणासारखा थर जिभेवर राहतो. दुकानदाराला ते सोयीचं पडतं, कारण ते स्वस्त असतं, उन्हाळ्यात टिकतं आणि लावायला कसब लागत नाही. त्याचा थर पातळ असेल तर चालून जातं. जाड थापलं, तर समजावं की खालचा डोनट झाकायचा होता.

पुढच्या वेळी पैसे देण्याआधी काचेतूनच डोनटची कंबर बघा. दोन्ही बाजूंच्या तपकिरी रंगाच्या मधोमध फिकट पट्टा गोल फिरलेला दिसला पाहिजे. पीठ नीट फुगलेलं असलं की डोनट तेलावर उंच तरंगतो आणि मधला भाग तेलाला कमी लागतो, त्याचाच हा पट्टा. पट्टा नसेल, तर एकतर पीठ कमी फुगलेलं होतं आणि डोनट तेलात बुडून तळला गेला, किंवा तो तळलेलाच नाही. बन पावाचं पीठ गोल कापून भट्टीत भाजलंय आणि वरून रंगीत थर दिलाय. अंगावर सुरकुत्या आणि मधोमध खड्डा असेल, तर पीठ प्रमाणाबाहेर फुगून बसलं होतं. अशा डोनटला आंबूस वासही येतो. मोडल्यावर सालीखाली तेलाची चकचकीत रेघ दिसली, तर तेल पुरेसं तापलेलं नव्हतं.

दुकानात शिरल्यावर "ताजे आहेत का?" असं विचारू नका, त्याला "हो" हेच उत्तर मिळतं. "आत्ता तळलेले कोणते? पुढची खेप किती वाजता?" असं विचारा. पहिल्यांदा साधा ग्लेझचा, म्हणजे साखरेचा पातळ चकचकीत थर दिलेला, एकच डोनट घ्या, त्यात काही लपवता येत नाही. आमचं स्पष्ट मत असं, की छोट्या गावात दहा-बारा प्रकार हीच धोक्याची खूण आहे. पीठ सगळ्यांना एकच असतं, वेगळी असते ती फक्त वरची सजावट; आणि एवढे प्रकार मांडून ठेवायचे म्हणजे माल पडून राहणारच. मोठ्या शहरात खप असतो म्हणून खेपा वाढतात. कारागीर काही वेगळ्या मातीचे नसतात.

घरी आणलेला बिनसजावटीचा डोनट वातड वाटला, तर मायक्रोवेव्हमध्ये ८ ते १० सेकंद ठेवा, किंवा झाकण ठेवून तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्हीकडून मिनिटभर गरम करा. स्टार्च तेवढ्यापुरता पुन्हा सैल होतो. लगेच खायचा, गार झाला की आधीपेक्षा जास्त चिवट होतो.

प्रश्न : बाहेरच्या डोनटला कंटाळून घरी करून बघितले. पहिली खेप बाहेरून काळी आणि आत कच्ची. दुसऱ्या वेळी गॅस बारीक केला, तर मेले तेल प्यायले. आमच्याकडे अंडं चालत नाही. शेंगतेलात तळले तर चालतील का? नेमकं प्रमाण द्या.
— एक गृहिणी, खानापूर

उत्तर : काकू, तुमच्या दोन्ही खेपा बिघडल्या त्या तेलाच्या आचेमुळे. तेल १७५ ते १८० अंश हवं. १९५ च्या पुढे गेलं, की बाहेरचा रंग आतलं शिजण्याआधी येतो. १६० वर उतरलं, की साल धरायला वेळ लागतो आणि तोवर तेल आत शिरतं. तळणीचा थर्मामीटर घेणं उत्तम. नसेल तर सुपारीएवढी पिठाची गोळी सोडा : ती दोन-तीन सेकंदांत वर यायला हवी आणि साधारण मिनिटभरात बदामी व्हायला हवी. एका वेळी तीनच सोडा, जास्त टाकले की तेल एकदम थंड पडतं.

अंड्याशिवाय डोनट व्यवस्थित होतात. मैदा ५०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम (दोन लहान चमचे), साखर ६० ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम, दूध पावडर २० ग्रॅम, कोमट दूध ३०० मिली, मऊ लोणी ६० ग्रॅम. घरचं लोणी चालेल, पण ताक पूर्ण काढून टाका. लोणी सोडून सगळं एकत्र भिजवा, पाच मिनिटं मळा, मग लोणी थोडं थोडं घालत आणखी आठ-दहा मिनिटं मळा. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि किंचित चिकट राहिलं पाहिजे. हाताला चिकटतं म्हणून वरून मैदा घालत गेलात, की डोनट जड होणार. बहुतेक घरी हेच चुकतं. लहानसा गोळा दोन्ही हातांनी ताणला, तर न फाटता पातळ पडदा झाला पाहिजे.

झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवा. एरवी तासभर ते दीड तास पुरतो. डिसेंबर-जानेवारीत तुमच्याकडच्या गारठ्यात दोन तासही लागतील, तेव्हा घड्याळापेक्षा पीठ बघा. मग १२ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच जाड लाटा. तीन इंची वाटीनं कापा, बाटलीच्या झाकणानं मधलं भोक पाडा. भोक शोभेचं नाही. मध्ये पीठ राहिलं, तर कडा शिजल्या तरी तो भाग कच्चा राहतो. पंधराच्या आसपास होतील. भोकांच्या गोळ्या शेवटी तळून घ्या, मुलं आधी त्याच संपवतात.

प्रत्येक डोनट बटर पेपरच्या वेगळ्या तुकड्यावर ठेवून ३० ते ४० मिनिटं पुन्हा फुगू द्या. बोट हलकेच दाबलं, की खड्डा सावकाश भरून यावा आणि थोडीशी खूण उरावी. झटकन भरला तर अजून वेळ आहे; भरलाच नाही तर जास्त फुगलंय, पटकन तळायला घ्या. उचलताना हातानं धरू नका, सगळी हवा जाते. कागदासकट तेलात सोडा, क्षणात कागद सुटतो, तो चिमट्यानं काढून घ्या. एका बाजूला ६० ते ७५ सेकंद, एकदाच उलटायचा. सारखा झाऱ्यानं ढोसत राहिलात तर तेल शिरणारच.

रिफाइंड शेंगतेल चालेल. घाण्याचं नको, भज्याला जो वास हवासा वाटतो, तोच गोड पदार्थात वर येतो.

ग्लेझसाठी २०० ग्रॅम चाळलेली पिठीसाखर, ४५ मिली दूध, चिमूटभर मीठ. डोनट तेलातून काढून दोन मिनिटांनी, कोमट असतानाच बुडवा आणि जाळीवर ठेवा. पातळ काचेसारखा थर बसतो. चॉकलेट मात्र पूर्ण गार झाल्यावरच लावा. गरम डोनट डब्यात झाकून ठेवू नका, वाफेनं साखर पाझरते.

प्रश्न : माझं छोटं दुकान आहे. सकाळी ६० डोनट तळतो, संध्याकाळी वीसेक उरतात आणि गिऱ्हाईक शिळे म्हणून नावं ठेवतं. दोनदा पीठ मळायला माणूस नाही, वीजही जाते. काय करावं?
— एक दुकानदार, चिकोडी

उत्तर : दोनदा मळू नका, दोनदा तळा. रात्री एकदाच दोन किलो मैद्याचं पीठ मळा, अर्धा तास बाहेर ठेवा आणि झाकून ४ अंशांच्या फ्रिजमध्ये घाला. थंडीत यीस्ट मंदावतं, पण थांबत नाही. आठ ते बारा तासांत पीठ फुगतं आणि चवही सुधारते. यासाठी यीस्ट किलोला १४ ग्रॅमऐवजी ८-१० ग्रॅमच टाका, नाहीतर सकाळी आंबट लागेल. सकाळी निम्मं कापून तळा. उरलेलं फ्रिजमध्येच ठेवून दुपारी दोनला बाहेर काढा. लाटून, फुगून साडेचारला तळायला तयार. रात्री वीज गेली तर फ्रिज उघडू नका. तीन तासांहून जास्त गेली तर पीठ दाबून हवा काढा आणि सकाळच्या खेपेलाच जास्त वापरा.

कच्चं पीठ थंडीत ठेवलेलं चालतं, तळलेला डोनट मात्र फ्रिजमध्ये घालू नका. साध्या काचेच्या कपाटात, खोलीच्या तापमानाला, एकच थर मांडा. पावसाळ्यात पिठीसाखर भुरभुरायची असेल तर गिऱ्हाईकासमोर भुरभुरवा. न विरघळणारी डोनट शुगर मिळते, तिच्या कणांवर चरबीचा थर असतो. चव जराशी मेणचट, पण दमट दिवसांत कामाची.

तेलाकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. रोज तळणी संपल्यावर गाळा, जळका चुरा राहू देऊ नका, रिकामं तेल तापत ठेवू नका. १८० अंशांवरच धूर येऊ लागला, बारीक फेस धरून राहिला किंवा तेल घट्ट झालं, की सगळं बदला. जुन्यात नवीन ओतून भागत नाही, जुनं तेल नव्यालाही लवकर बिघडवतं. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमानुसार १ जुलै २०१८ पासून टोटल पोलर कंपाउंड्सचं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर त्यात साचणाऱ्या खराब घटकांचं) प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल तळणीला वापरता येत नाही. ते तपासायच्या पट्ट्या विकत मिळतात.

प्रश्न : एका दुकानातल्या डोनटला खवट वास येत होता. दुकानदारानं पैसे परत द्यायला नकार दिला. तक्रार कुठे करायची?
— एक विद्यार्थिनी, संकेश्वर

उत्तर : वातड किंवा बेचव डोनटची तक्रार दुकानदाराकडेच करायची असते, पण खवट वास ही तेल खराब झाल्याची खूण आहे आणि ती गंभीर आहे. बिल आणि मालाचा फोटो जपून ठेवा. बिलावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक असायला हवा. १ जानेवारी २०२२ पासून तो बंधनकारक आहे. तक्रार एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट पोर्टलवर करता येते. पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. बिल घेतलं नसेल तर निदान ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद दाखवा.

प्रश्न : डोनटमध्ये आपला बेळगावी कुंदा भरता येईल का? घरी भरला तर सुकाच लागला.
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : जरूर भरा, परदेशी क्रीमपेक्षा तो खमंग लागतो. कुंदा दूध आटवून, खरपूस रंगावर आणलेला असतो, त्यात ओल फार कमी. म्हणून १०० ग्रॅम कुंद्याला ३० ते ४० मिली गरम दूध घालून मंद आचेवर मऊ करा, चमच्यातून सावकाश पडेल इतका सैल करून पूर्ण गार करा. डोनट बिनभोकाचा, दहा मिलिमीटर जाड लाटलेला घ्या आणि एका बाजूला दीड मिनिट तळा. गार झाल्यावर बाजूनं सुरीनं छिद्र पाडून पिशवीनं प्रत्येकी २० ग्रॅम भरा, त्याहून जास्त भरलं तर फुटतं. पिठातली साखर ६० वरून ४० ग्रॅमवर आणा आणि वरून ग्लेझ देऊ नका, कुंदा आधीच गोड असतो. दूध घालून सैल केलेला कुंदा टिकत नाही, म्हणून भरलेले डोनट दोन-तीन तासांत संपवा. उरलेलं सारण फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी लागेल तेवढंच काढून भरा.