आईसाठी केअर होम कसं बघायचं?

प्रश्न: आईला अल्झायमर आहे. रात्री दोनदा कडी काढून बाहेर गेली, आता एकटीने सांभाळणं मला झेपत नाहीये. केअर होम निवडताना काय बघू?

उत्तर: ताई, आधी मनातला अपराधीपणा काढा, तुम्ही आईला टाकत नाहीयात. जागा बघायला सकाळी एकदा गेलात तरी संध्याकाळी परत जाच, कारण बऱ्याच पेशंटची घालमेल दिवस मावळताना वाढते आणि स्टाफ कसा वागतो ते तेव्हाच कळतं. जेवणाच्या वेळेपर्यंत थांबा. भरवणारी बाई शेजारी बसून, नजरेला नजर देऊन बोलतेय का उभ्या उभ्या चमचा तोंडात कोंबतेय, एवढं बघितलं तरी निम्मं उत्तर मिळतं. रात्री ड्युटीवर किती माणसं, पेशंट चिडला तर काय करता, हे स्पष्ट विचारा. लगेच झोपेचं औषध देतो म्हणाले तर मी तरी तिथे ठेवणार नाही, अशा औषधांनी पडायचा धोका वाढतो. बाहेरचं दार सुरक्षित हवंच, पण आत मोकळं फिरता आलं पाहिजे, खोलीत कोंडणं नको. आणि हो, आईची रोजची चादर, जुने फोटो सोबत द्या, नवं आठवत नसलं तरी जुनं बरेच दिवस टिकतं.