आईचा आजार माझ्या रक्तात आहे का?

"मॅडम, आई गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली. आता नंबर माझा, असंच ना?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने विचारलं. वय 32. हातात जनुकीय तपासणीचं एक माहितीपत्रक. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पत्रक बीआरसीए जनुकांचं होतं. ती जनुकं मुख्यतः स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडलेली, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या तपासणीत मिळणार नाही, हे मी आधी सांगून टाकलं. भीतीपोटी नको तिथे पैसे घालवणारे फार बघितलेत.

मग आम्ही एचपीव्हीबद्दल, म्हणजे मुख्यतः शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एका विषाणूबद्दल, बोललो. गर्भाशयमुखाचा जवळजवळ प्रत्येक कर्करोग या विषाणूच्या लागणीतून सुरू होतो. त्यातले सुमारे 70 टक्के 16 आणि 18 या दोन प्रकारांमुळे. पण लागण म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेकींचं शरीर दोनेक वर्षांत विषाणूला हुसकावून लावतं. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यातल्या काहींना पुढे धोका.

"मग आईच्यातच का बसला?"

जनुकांचा संबंध येतो तो इथे. आपल्या पेशी विषाणूचे तुकडे पृष्ठभागावर आणून प्रतिकारशक्तीला दाखवतात. हे काम एचएलए नावाच्या रेणूंचं, आणि ते माणसागणिक वेगळे असतात. कुणाचे रेणू हा विषाणू चटकन पकडून देतात, कुणाचे नाही. स्वीडनमधल्या नोंदींच्या 1999 सालच्या अभ्यासात या कर्करोगाच्या किंवा त्याच्या सुरुवातीच्या अवस्थेच्या रुग्णांच्या सख्ख्या बहिणींना जवळपास दुप्पट धोका दिसला, सावत्र (आई किंवा वडील यांपैकी एकच समान असलेल्या) बहिणींना त्याहून कमी. म्हणजे रक्ताचा वाटा आहेच. पण 'दुप्पट' ऐकताच तिचा चेहरा उतरला. मुळात लहान असलेला धोका दुप्पट झाला तरी लहानच राहतो, हे कागदावर आकडे मांडून दाखवल्यावर तिला पटलं. शिवाय जनुकं कशीही असोत, विषाणू टिकून राहिल्याशिवाय गाडी सहसा पुढे सरकत नाही. धूम्रपान किंवा एचआयव्हीमुळे ढासळलेली प्रतिकारशक्ती तो टिकायला मदत करते.

ती बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "अनुवंशिकच आहे असं म्हणा ना, मॅडम. विषाणू म्हटलं की लोक आईबद्दल बोलतील."

खरा प्रश्न हा होता. जनुकांचा आग्रह आईची अब्रू राखण्यासाठी होता. मी सांगितलं, आयुष्यात एकच जोडीदार असलेल्या बाईलाही ही लागण होऊ शकते. लागणीपासून कर्करोगापर्यंत बहुधा 15 ते 20 वर्षं जातात, त्यामुळे कुणामुळे आणि कधी, हे शोधता येत नाही. शोधू तरी कशाला? तेव्हा ती रडली. मी बोलणं थांबवलं.

पुढचं सोपं होतं. तपासायचा तो विषाणू, जनुकं नव्हेत. तिने एचपीव्ही चाचणी करून घेतली. अहवालात विषाणू सापडला नाही. ठरलेल्या अंतराने पुन्हा यायचं. तिची मुलगी 10 वर्षांची, म्हणजे एचपीव्हीच्या लशीचं नेमकं वय. जागतिक आरोग्य संघटना 9 ते 14 वर्षांच्या मुलींना ती आधी द्यायला सांगते.

अहवाल घेऊन ती बाहेर पडली आणि दारातूनच तिने थोरल्या बहिणीला फोन लावला. या बहिणीने आजवर एकही तपासणी केली नव्हती.

"ताई, तूही ये. नाही गं, आईबद्दल कुणी काही विचारत नाही इथे."