जुन्या अल्फाचा पहिला मालक शोधताना: कोणता कागद काय सांगतो

तुमच्याकडे १९६९ ची अल्फा रोमिओ जीटी १३०० ज्युनिअर आहे. श्टुटगार्टच्या एका डीलरकडून घेतलेली, आज लाल रंगाची, आणि जाहिरातीत 'मूळची रोमची गाडी' असं लिहिलेलं. जर्मन कागदांवर पहिल्या नोंदणीची तारीख १ जुलै १९६९ आहे आणि इटलीतला एकही कागद सोबत आलेला नाही. ही गाडी पहिल्यांदा कुणी घेतली, कुठे घेतली आणि तेव्हा तिचा रंग काय होता, हे शोधता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल, आणि जीटी ज्युनिअरच्या बाबतीत आशा ठेवायला चांगली जागा आहे. मी मिलानमध्ये राहतो, अल्फांच्या कागदपत्रांत जीव रमतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ती १ जुलै ही तारीख बाजूला ठेवा. बाहेरून आलेल्या गाडीची पहिल्या नोंदणीची नेमकी तारीख माहीत नसली, की जर्मनीत त्या वर्षाचा १ जुलै लिहायची पद्धत आहे. म्हणजे गाडी जर्मनीत पास झाली तेव्हा समोर इटलीचा कागद बहुधा नव्हताच. खरोखर १ जुलैला नोंदलेल्या गाड्याही असणार, पण दुसरा पुरावा मिळेपर्यंत तो रकाना कोरा आहे असंच समजा. त्यातलं वर्षसुद्धा अंदाजाने लिहिलेलं असू शकतं.

आता मुख्य गोष्ट. गाडी तयार होण्यापासून मालकाच्या नावावर लागेपर्यंत तीन वेगळ्या तारखा पडतात. कारखान्यात ती बनून पूर्ण झाली तो दिवस, कारखान्याने ती आपल्या शाखेला, डीलरला किंवा परदेशातल्या आयातदाराला विकली तो दिवस, आणि सरकारी नोंदवहीत ती पहिल्या माणसाच्या नावावर चढली तो दिवस. पहिल्या दोन तारखा कारखान्याच्या दप्तरात असतात, तिसरी तिथे नसते. तिसरी सरकारी दप्तरात असते, तिथे पहिल्या दोन नसतात. जाहिरातींमध्ये जो घोळ दिसतो त्यातला बराचसा इथूनच येतो: एका कागदावरची तारीख उचलायची आणि ती दुसऱ्याच गोष्टीची म्हणून सांगायची.

कारखान्याकडून सुरुवात करा. अल्फा रोमिओ १९३३ पासून १९८६ पर्यंत इरी या सरकारी महामंडळाकडे होती, मग फियाटने घेतली. मालक बदलले तरी उत्पादनाचं दप्तर शाबूत राहिलं आणि ते मिलानजवळ आरेसेला, संग्रहालयाच्या जोडीला असलेल्या दस्तऐवज केंद्रात आहे. तुमच्या गाडीचं घराणंही तिथलंच. डिझायनर जुजारोने बेर्तोने या बॉडी बनवणाऱ्या कंपनीत असताना रेखाटलेली जुलिया स्प्रिंट जीटी १९६३ मध्ये आरेसेच्या नव्या कारखान्यात जुळवली गेलेली पहिली गाडी होती, आणि १९६६ मध्ये आलेली १२९० सीसीची ज्युनिअर हे तिचंच धाकटं भावंड.

चासी नंबर देऊन कंपनीच्या हेरिटेज विभागाकडे मूळ उत्पत्तीचं प्रमाणपत्र मागा. इटालियनमध्ये त्याला 'चेर्तिफिकातो दी ओरिजिने' म्हणतात. त्यावर साधारणपणे उत्पादनाची तारीख, मूळ रंग, आणि गाडी कधी व कुणाला विकली हे असतं. यातलं 'कुणाला' नीट समजून घ्या. तिथे बहुतेक वेळा माणसाचं नाव येत नाही, अल्फाची अमुक शहरातली शाखा किंवा अमुक देशाचा आयातदार असं येतं. 'रोम शाखा' असं आलं, तर जाहिरातीतलं वाक्य कुठून आलं ते कळेल, पण गाडी रोमच्या माणसाने घेतली हे त्यावरून सिद्ध होत नाही. घेणारा रोमच्या शेजारच्या लातीना किंवा वितेर्बो प्रांताचा असू शकतो, आणि मग तिची पहिली नंबरची पाटीही तिथलीच असणार.

अर्ज करण्याआधी नंबर स्वतः वाचा. बॉनेट उघडल्यावर मागच्या पत्र्यावर ठोकलेला नंबर हाच खरा आधार. रिव्हेट मारलेली कारखान्याची पाटी त्यानंतर, कारण ती काढता येते, बदलता येते. ठोकलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने प्रिंट घ्या आणि जपून ठेवा. कारखान्याच्या पाटीवर १०५.३० हा प्रकार असेल तर गाडी डाव्या स्टिअरिंगची ज्युनिअर म्हणूनच बनली, १०५.३१ ही उजव्या स्टिअरिंगची. इंजिनचा नंबर ००५३० ने सुरू व्हायला हवा. ००५३६ किंवा ००५४८ दिसलं, तर मधल्या काळात कुणीतरी १६०० किंवा १७५० चं इंजिन बसवलंय. अशा गाड्या पुष्कळ आहेत आणि त्यात कमीपणा काही नाही, पण तुम्हाला ते माहीत असायला हवं. आणखी एक: चासी नंबर काटेकोर तारखेवार दिलेले नाहीत. शेजारच्या नंबरची गाडी मार्चमध्ये बनली म्हणून तुमचीही मार्चमधलीच, असा हिशोब करू नका.

हे प्रमाणपत्र तुमची गाडी बघून दिलेलं नसतं. तुम्ही दिलेल्या नंबरपुढे वहीत काय लिहिलंय, तेवढंच ते सांगतं. गाडी प्रत्यक्ष तपासून अस्सलपणाचं प्रमाणपत्र देण्याची वेगळी, बरीच महाग प्रक्रिया आहे. साध्या ज्युनिअरला तिची गरज मला वाटत नाही. तोच पैसा पत्र्याच्या कामात घाला. जीटीए, म्हणजे याच गाडीची शर्यतीसाठीची हलकी आवृत्ती, असती तर गोष्ट निराळी, कारण तिच्या नकला बाजारात फिरतात.

आता माणसाचं नाव. इटलीत १९२७ पासून गाड्यांच्या मालकीची सार्वजनिक नोंदवही आहे, 'प्रा' नावाची, आणि ती इटालियन ऑटोमोबाइल क्लब चालवतो. ती निघाली तेव्हा गाड्या हप्त्याने विकल्या जाऊ लागल्या होत्या आणि विकणाऱ्याला आपल्या उरलेल्या पैशांसाठी गाडीवर बोजा चढवायची सोय हवी होती. म्हणून या वहीत मालकी आणि बोजे दोन्ही नोंदले जातात, जवळपास आपल्या सातबाऱ्यासारखे. या वहीतून गाडीचा पहिल्या नोंदीपासूनचा उतारा मिळतो, 'एस्त्रात्तो क्रोनोलोजिको'. त्यात पहिल्या मालकाचं नाव, पत्ता, तारीख आणि पुढची सगळी हस्तांतरणं असतात. जुन्या गाडीच्या उताऱ्यात हप्त्यांचा बोजा आणि तो फिटल्याची नोंदही सापडते. कुणीतरी ही गाडी हप्त्यावर घेतली आणि सगळे हप्ते चुकते केले हे त्या कागदात वाचायला मिळतं, तेव्हा मला तरी फार आनंद होतो.

अडचण एकच: ही वही नंबरप्लेटवरच्या, म्हणजे पाटीच्या, नंबरावर चालते. इटालियन पाटीचा नंबर हातात नसेल तर दार उघडणं कठीण. त्यामुळे तुमची खरी शोधाशोध तिथे आहे.

पाट्यांबद्दल थोडं माहीत असलेलं बरं. १९९४ पर्यंत इटलीत पाटीवर प्रांताची खूण असायची: मिलानला एमआय, तूरीनला टीओ, आणि रोमला मात्र 'रोमा' असा पूर्ण शब्द. सहा आकडी नंबर संपल्यावर मोठ्या प्रांतांमध्ये आकड्यांच्या आधी अक्षर यायला लागलं. मालक दुसऱ्या प्रांतातला झाला की गाडीला नवी पाटी मिळायची. आपल्याकडे पुण्याची गाडी नाशिकला विकली तरी नंबर तोच राहतो, तसं तिथे नव्हतं. म्हणून एकाच गाडीला दोन-तीन पाट्या लागलेल्या असू शकतात, आणि तुम्हाला सापडलेली पाटी पहिलीच असेल असं नाही.

इथे जुना फोटो फार कामाला येतो. १९६३ नंतरच्या पाट्या काळ्या प्लॅस्टिकच्या, अक्षरं पांढरी. १९७६ पासून प्रांताची अक्षरं नारिंगी झाली, १९८५ पासून पाटीच पांढरी झाली. तुमच्या १९६९ च्या गाडीच्या फोटोत नारिंगी अक्षरं दिसली, तर ती पाटी नंतरची. तरीही ती मोलाची, कारण तिचा उतारा काढला की आधीच्या पाटीचा धागा मिळू शकतो आणि तसंच एकेक पाऊल मागे जात पहिल्या नोंदीपर्यंत पोचता येतं. कुठल्या प्रांतात कुठल्या वर्षी कोणते आकडे चालू होते, याचे तक्ते इटलीतल्या हौशी लोकांनी बनवलेत. त्यावरून पाटी १९६९ ची आहे का, हे लगेच पडताळता येतं.

पाटीचा नंबर कुठे शोधायचा? गाडीतच. गालिचा आणि मागची सीट काढा, डिकीतलं अस्तर उचला, दारांच्या आतले पुठ्ठे उघडा. रोड टॅक्सची पावती, इटालियनमध्ये 'बोल्लो', त्या काळी पुढच्या काचेवर लावायचे आणि तिच्यावर नंबर असायचा. जुनी पावती सीटखाली सरकलेली मिळू शकते. गॅरेजचं बिल, विम्याचा कपटा, ऑइल बदलल्याचं दाराच्या चौकटीवरचं स्टिकर, मागच्या काचेवरचं डीलरचं स्टिकर: पुनर्बांधणीवाल्याच्या हाती गाडी द्यायच्या आधी या सगळ्याचे फोटो काढा. चांगले कारागीरही साफसफाईत हे कागद फेकून देतात, कारण त्यांच्या लेखी तो कचरा असतो.

दुसरा रस्ता जर्मनीतून जातो. २००५ च्या ऑक्टोबरपर्यंत तिथे गाडीचं जुनं पुस्तक होतं, फाऱझॉयगब्रीफ, आणि त्यात मालकांची नावं क्रमाने लिहिलेली असत. नव्या कागदावर फक्त शेवटचे दोन मालक दिसतात. कागद बदलताना जुनं पुस्तक रद्दचा शिक्का मारून मागितल्यास परत मिळायचं. म्हणून डीलरला स्पष्ट विचारा की रद्द झालेलं जुनं पुस्तक फाइलमध्ये आहे का. ते नसेल तर नव्या कागदावर दिसणाऱ्या आधीच्या मालकाला गाठा. गाडी इटलीतून आणणाऱ्या माणसाचं नाव मिळालं तर बरंच काम झालं, कारण पाटीचा फोटो किंवा निर्यातीसाठी नोंदणी रद्द केल्याचा इटालियन कागद त्याच्याकडे असण्याची शक्यता सर्वांत जास्त. जर्मन सरकारी कार्यालय स्वतःहून जुन्या मालकांची नावं देणार नाही, तिथे वेळ घालवू नका.

रंगाबद्दल: तुम्ही पुन्हा लालच करायचा विचार करताय असं लिहिलंय. प्रमाणपत्र येईपर्यंत थांबा, ही माझी आग्रहाची विनंती. मूळच्या पांढऱ्या, करड्या, निळ्या, हिरव्या असलेल्या कितीतरी अल्फा नंतर लाल झाल्या, कारण लाल लवकर विकला जातो. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाच्या कंपनीचं छोटं स्टिकर शिल्लक आहे का बघा. डॅशबोर्डच्या मागे, हीटरच्या खाली, दाराच्या बिजागरीच्या सापटीत मूळ रंग दिसतोच. प्रमाणपत्र 'बियांकोस्पिनो' म्हणालं आणि बिजागरीतही तोच पांढरा निघाला, तर दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या. नाही जुळल्या तर चासी नंबरकडे पुन्हा संशयाने बघायची वेळ आली.

तुम्ही ओझरतं विचारलंय की फेरारी आणि लाम्बोर्गिनीचं असंच असतं का. तिथे गाड्या कमी, म्हणून एकेका चासीचा माग जास्त लोकांनी घेतलेला असतो. साठच्या दशकातली फेरारी कुठे गेली हे बहुधा आयातदारावरून कळतं: अमेरिकेत लुइजी किनेत्ती, ब्रिटनमध्ये कर्नल रॉनी होर यांची मारानेल्लो कन्सेशनेअर्स, बेल्जियममध्ये जॅक स्वाटर्स यांचं गॅरेज फ्रँकोरशाँ. लाम्बोर्गिनीचा पोलो स्तोरिको विभाग २०१५ पासून जुन्या गाड्यांचं दप्तर आणि प्रमाणपत्रं सांभाळतो. मिउरासारख्या गाडीत चासी आणि इंजिनच्या जोडीला बेर्तोनेच्या बॉडीचा वेगळा नंबरही पडताळता येतो. पण रीत तीच, कारखान्याचा कागद वेगळा आणि मालकीचा कागद वेगळा.

उतारा मिळाला आणि पहिल्या मालकाचं नाव-पत्ता हाती आला, तर फोन करू नका, पत्र लिहा. इटालियनमध्ये, हाताने लिहिलेलं असेल तर उत्तम, एका पानाचं, सोबत गाडीचा आजचा एक फोटो. तो माणूस आता ऐंशीच्या पुढे असेल किंवा नसेलही. पत्र मुलांच्या हाती पडेल. गाडी विकत घ्यायची नाही, पैशांचं काही नाही, फक्त तिचे जुने फोटो असतील तर त्यांची प्रत हवी आहे, हे पहिल्या दोन ओळींतच सांगा. घरच्यांनी फोटो दिले तर त्यांची नावं जाहिरातीत किंवा कुठे उघड लिहिण्याआधी त्यांची परवानगी घ्या.

आत्ता लगेच करायचं ते इतकंच: नंबरांची प्रिंट घ्या, आरेसेला अर्ज पाठवा, आणि डीलरला जुन्या पुस्तकाबद्दल लेखी विचारा. तोवर आतलं अस्तर स्वतःच्या हाताने उघडा. पाटीचा नंबर सापडला की प्राचा उतारा मागायचं पत्र आणि नंतर कुटुंबाला लिहायचं पत्र, दोन्हींचे इटालियन मसुदे मी तपासून देईन.