इंग्लंडात आलास, आता 'पाकी' विसर

तुझा प्रश्न वाजवी आहे. आपल्या पेपरांत 'भारत-पाक' रोज छापून येतं, मग मॅच बघताना तू 'पाकी' म्हणालास तर ऑफिसातले सगळे एकदम गप्प का झाले? मीही नवखा असताना हेच केलं होतं. टेबलावरचा एक गुजराती सहकारी ग्लास खाली ठेवून म्हणाला, "हे मला शाळेत रोज ऐकावं लागायचं." गुजराती, बरं का!

गोम तिथेच आहे. 'पाक' म्हणजे पवित्र. शब्दात शिवी कुठेच नाही. पण १९६०-७० च्या दशकांत ब्रिटनमध्ये टोळकी हाच शब्द ओरडत आशियाई लोकांना मारायची, आणि मारताना पासपोर्ट कोण बघतो? ४ मे १९७८ ला लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये खून झालेला अल्ताब अली बांगलादेशी होता, कपड्याच्या कारखान्यातला कामगार. तिथल्या बागेला आज त्याचं नाव आहे. एखाद्या रविवारी जाऊन ये.

अमेरिकेत 'जॅप'चं तेच झालं. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा हा शब्द पाट्यांवर आणि मथळ्यांत होता.

'ब्रिट', 'ऑसी' खुशाल म्हण, ते लोक स्वतःच म्हणतात. कोणतं लघुरूप शिवी ठरतं याचा नियम व्याकरणात शोधू नकोस, सापडणार नाही.

तू सरळ 'पाकिस्तानी' म्हण. आणि ट्रेनमधून आईशी फोनवर मॅचबद्दल बोलताना आवाज जरा खाली. शेजारच्याला मराठी कळत नाही, पण तेवढा एक शब्द बरोबर ऐकू जातो.