‘आई म्हणते, हे लहान लेकरांचं आहे’

प्रिय मावशी, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत आईसोबत कापूस वेचायला जात होते. माझ्या वेचणीच्या पैशातून गाइड घ्यायचं ठरलं होतं. पण बाजाराच्या दिवशी रद्दीवाल्याकडे कॉमिक्सचा गठ्ठा दिसला. नागराज, ध्रुवचे हिंदी अंक आणि वेताळाचे, म्हणजे फँटमचे, जुने मराठी अंक. मी तोच घेतला. घरी सांगितलं की पैसे मैत्रिणीला उसने दिले. आता रोज रात्री वाचते, रफ वहीच्या मागे तशीच चित्रं काढते. परवा आईला गठ्ठा सापडला. कुणीतरी फुकट दिला असं तिला वाटतं. म्हणाली, ‘‘एवढी मोठी झाली अन् लहान लेकराचे चित्रं पाहून राह्यली! चुलीत घालतो सारे.’’ या वयात हे आवडणं चूक आहे का? सोडून देऊ का?

पोरी, सोडू नको. हे आधीच सांगून टाकते. पुढे पैशाबद्दल बोलणार आहे, ते तुला बोचेल, आणि तेव्हा मी कॉमिक्सवर रागावले असं तुला वाटायला नको.

लहान लेकरांचं म्हणतात, पण एका चौकटीत माणूस दारावर हात उगारतो आणि पुढच्या चौकटीत दार मोडून पडलेलं असतं. मधला धक्का, आवाज, उडालेल्या फळ्या कुणीच काढलेल्या नसतात. त्या दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत ते सगळं तू घडवतेस. वर फुग्यातलं हिंदी वाचायचं, चेहऱ्यावरचा भाव हेरायचा, पुढे कुठल्या चौकटीकडे जायचं ते ठरवायचं, हे सगळं एकाच वेळी चालतं. हे पुरतं वाचन आहे.

आणि ज्यांनी ही पानं काढली, त्यांनी आयुष्य त्यात घातलं. १९८६ साली आलेला नागराज पहिल्यांदा काढला तो पुण्याच्या प्रताप मुळीकांनी. अमर चित्र कथेसाठीही त्यांनी चित्रं काढली. तुझा ध्रुव अनुपम सिन्हांचा, १९८७ चा. तेच लिहायचे, तेच काढायचे. मुलांच्या ‘टिंकल’ अंकातला सुप्पंडी राम वाईरकरांच्या हातून उतरला. वेताळाचे मराठी अंक इंद्रजाल कॉमिक्सचे असतील तर जपून ठेव. इंद्रजाल १९६४ साली सुरू झालं आणि १९९० साली बंद पडलं. तुझ्या वयाच्या दुपटीहून जुने अंक आहेत ते, आणि हौशी लोक असे अंक शोधत फिरतात. चुलीत जाता कामा नयेत.

एक नाव मुद्दाम सांगते, दुर्गाबाई व्याम. मध्य प्रदेशातल्या गोंड चित्रकार, शाळेत कधी गेल्या नाहीत. त्यांनी आणि त्यांचे पती सुभाष व्याम यांनी मिळून बाबासाहेबांच्या आयुष्यावर ‘भीमायन’ हे चित्रांचं पुस्तक काढलं, ते २०११ साली आलं. त्यात सरळ चौकटी नाहीत, गोंड नक्षीच पानाचे भाग पाडते. बोलण्याच्या फुग्यांचं काय केलंय बघ: मायेनं बोलणाऱ्याचा फुगा पाखराच्या आकाराचा, आणि विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी! २०२२ मध्ये दुर्गाबाईंना पद्मश्री मिळाली. आईला हे जरूर सांग.

आता पैसे. कष्ट तुझे होते, बोंडांच्या काट्यांनी बोटं तुझी सोलली, हे मी विसरत नाही. पण त्या पैशाचं काय करायचं हे तुम्ही दोघींनी ठरवलं होतं, आणि ज्या घरात कापसाचा भाव काय लागेल यावर वर्ष ठरतं तिथे ठरलेला पैसा असा फिरवायचा नसतो. त्याहून वाईट म्हणजे तू मैत्रिणीचं नाव मध्ये ओढलंस. उद्या वेचणीला दोघींच्या आया एकाच शेतात भेटतील आणि विषय निघेल. तोवर थांबू नको.

आई शेतातून नुकती आली असेल तेव्हा नको. रात्री जेवणं झाली की सांग, ‘‘आई, उसने दिले ते खोटं होतं. मी त्या पैशाचं हे आणलं.’’ एवढंच. यानं माझे मार्क वाढतील, असलं काही जोडू नको. ती रागावेल, रागावू दे. गाइडचा प्रश्न मात्र तूच सोडव: यंदा दहावीत गेलेल्या एखाद्या मुलीकडे नववीचं जुनं गाइड नक्की पडलेलं असेल.

आईची एक काळजी खरी असू शकते. त्या मुखपृष्ठांवर मारामारी, रक्त, बायकांचे तंग कपडे असतात. तिनं तेवढंच पाहिलं असेल आणि घाबरली असेल. लपवून वाचलंस तर तिची शंका वाढेल. ती तूर निवडायला बसली की वेताळाची एक गोष्ट तिला मोठ्यानं वाचून दाखव. आवडली नाही तरी निदान आत काय आहे ते तिला कळेल.

रफ वहीतल्या चित्रांबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस, मला तेच सगळ्यात आवडलं. नागराजची नक्कल करत राहा, हात त्यानंच बसतो. पण एक गोष्ट तुझ्या गावातलीही काढ. रात्री पीक राखायला जागलीला गेलेला माणूस, शेतात घुसलेले रोही म्हणजे नीलगायी, मचाणावरची बॅटरी. मोठ्या कागदाला तीन घड्या घालून आठ भाग कर, उघडून मधल्या लांब घडीवर फक्त मधल्या दोन भागांइतकी चीर कात्रीनं दे आणि दुमड, आठ पानांचं पुस्तक होतं. चित्रकलेच्या सरांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांबद्दलही विचार. इंटरमिजिएट झाली तर दहावीला वाढीव गुण मिळतात.

आणि तुझ्या गठ्ठ्यातल्या एखाद्या कथेचा पहिलाच भाग असेल तर हिरमुसू नको, नागराज-ध्रुव छापणाऱ्या राज कॉमिक्सच्या बऱ्याच कथा दोन-तीन अंकांत चालतात. जुन्या कथा आता पुन्हा छापल्या जातात. कुणी नागपूरला जाणार असेल तर अंकाचं नाव चिठ्ठीवर लिहून दे, सीताबर्डीला जुन्या पुस्तकांकडे विचारायला सांग. पैसे मात्र या वेळी आईला विचारून.