डोक्याला वायरी लावून झोप येते का?

"मॅडम, गोळीशिवाय मेंदूला ट्रेनिंग देऊन झोप आणतात म्हणं. पुण्यात आहे, वीस सेशन. जाऊ का?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच काकांनी मोबाईलवरची जाहिरात माझ्यापुढे धरली.

काका सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे. वय 52. (लिहायला त्यांची परवानगी आहे, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) उमेदीची वर्षं रात्रपाळीत गेली. तेव्हा मागांच्या खडखडाटात गाठोड्यावर पाठ टेकली की डोळा लागायचा. आता दिवसपाळी आहे, घर शांत आहे, कूलर आहे. झोप तेवढी नाही. दोन वर्षं अर्धी गोळी चालू होती, कधी कधी अख्खी.

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की सरळच सांगते. जाहिरातीतल्या प्रकाराला न्यूरोफीडबॅक म्हणतात. डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी पडद्यावर दाखवतात आणि हव्या त्या लहरी वाढल्या की बक्षीस म्हणून चित्र हलतं किंवा आवाज येतो. झोपेसाठी बहुधा 12 ते 15 हर्ट्झच्या लहरींवर काम करतात. हे थोतांड नाही. 1960च्या दशकात अमेरिकेत बॅरी स्टर्मन यांनी मांजरांवर केलेल्या प्रयोगांतून ते पुढे आलं. पण 2017 साली ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या संशोधकांनी निद्रानाशाच्या रुग्णांना खरं आणि नुसतं दाखवण्यापुरतं, असं दोन्ही प्रकारचं ट्रेनिंग देऊन पाहिलं. झोप सुधारल्याचं रुग्ण दोन्ही वेळा सांगत होते. लहरींच्या मोजणीत मात्र खऱ्या ट्रेनिंगचा वेगळा फायदा दिसला नाही. काकांना म्हटलं, "पैसे वर आले असतील तर जा. नाहीतर आधी घरच्या पलंगावर ट्रेनिंग करू."

घोरण्याचं विचारलं, काकूंनी नाही म्हणून सांगितलं. थायरॉइड तपासून झालं होतं. गोळी मनानं बंद करायची नाही, हे मात्र मी दोनदा बजावलं. एकदम सोडली की झोप आणखी उडते, आणि मग माणसाला वाटतं आपलं गोळीशिवाय चालणारच नाही. ती हळूहळू कमी करायचं काम मानसोपचारतज्ज्ञांकडे दिलं.

मग वही. रोज सकाळी लिहायचं: अंथरुणात कधी गेलो, अंदाजे कधी झोप लागली, कधी जाग आली. घड्याळ बघायचं नाही. दोन आठवड्यांनी हिशेब केला तर काका साडेनऊला आडवे होत होते, साडेपाचला उठत होते आणि झोप जेमतेम पाच तास. उरलेले तीन तास कूस बदलण्यात. पलंग दिसला की जागं व्हायचं, हे त्यांचा मेंदू दोन वर्षांत पक्कं शिकला होता.

"म्हणजे धागा तुटला नसताना माग बंद पडतोय की हो," काका म्हणाले. मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

शिकलेलं मोडायचं तर अंथरुणातला वेळच कापायचा. बारा ते साडेपाच, बस्स. झोप येत नसेल तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचं, डोळे जड झाले की परत. दुपारची डुलकी बंद. आठवडाभर अंथरुणातल्या वेळेपैकी 85 टक्के झोपेत गेला की 15 मिनिटं वाढवायची. निद्रानाशासाठीच्या सीबीटी (विचार आणि सवयी बदलण्याचा उपचार) या उपचाराचा हा गाभा. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं 2016 साली गोळीच्या आधी हाच उपचार करावा, अशी शिफारस केली. फिट येणाऱ्यांनी किंवा बायपोलर असणाऱ्यांनी हे घरच्या घरी करू नये.

पहिला आठवडा वाईट गेला. काका चिडचिडे झाले, काकू माझ्यावर चिडल्या. चूक माझीही होती. दिवसभर चालू मागात हात घालणाऱ्या माणसाला मी अपुऱ्या झोपेची सुरुवात कामाच्या आठवड्यात करायला लावली. चार दिवस रजा घ्यायला सांगायला हवं होतं. नंतर घेतली त्यांनी.

तिसऱ्या आठवड्यात वही चाळताना दिसलं, दर चार-पाच दिवसांनी एक रात्र पार कोरी. मी काळजी, ताण, पोरीचं लग्न, सगळं विचारून पाहिलं. काका हसायला लागले. "पाण्याचा दिवस आहे तो, मॅडम."

सोलापुरात राहून हे मला सुचू नये! नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, त्यांच्या गल्लीत येतं रात्री एक-दोनला. त्या रात्री काकांचे कान नळाकडे. आणि बाकीच्या रात्रीही थोडे तिकडेच, कारण वेळापत्रकाचा भरवसा नाही. मेंदूला राखणीची ड्यूटी लावलेली. तो कसा झोपेल? पाण्याची जबाबदारी धाकट्या मुलाकडे दिली. तो तसाही दोनपर्यंत मोबाईलवर जागाच असतो.

आठव्या आठवड्यात अंथरुणातला वेळ साडेसहा तासांवर आला होता. गोळी पाव तुकड्यावर. त्या दिवशी काकू सोबत आल्या होत्या, तोंड फुगवून. मुलगा मित्राकडे राहिला होता, रात्री नळ आला आणि गेला, बॅरल ठणठणीत कोरडं.

"आणि हे," काकू म्हणाल्या, "घोड्यागत झोपलेले."

काका खाली बघून हसत होते.